कस

सकाळी नऊला डबे येतात.
झाकणावर पट्टी, पट्टीवर आकडा.
नाव नाही. डॉक्टर फुलझेलेंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं:
नाव कळलं की डोळा झुकतो, बाई,
आपण यंत्र तपासतोय, माणूस नाही.

मे महिना. नागपूर सेहेचाळीसवर.
मास्कच्या आत ओठांवर मीठ.
एकाच बेडक्याचे दोन वाटे करते मी.
एक कार्ट्रिजमध्ये,
दोन तासांत यंत्र हो किंवा नाही म्हणून मोकळं.
दुसरा नळीत, अंड्याच्या हिरव्या थरावर,
सदतीस अंशांच्या उबेत आठ आठवडे.
बाहेरचा रस्ता त्या उबवणीच्या पेटीहून
नऊ अंशांनी तापलेला असतो.
जंतूला मात्र घाई नाही.
उगवलाच तर फुलकोबीच्या चुऱ्यासारखा,
पिवळट, कोरडा, सावकाश.

उशिरा बोलणाऱ्या या नळीला आम्ही खरं मानतो.
पुस्तकात तिला सुवर्णमान म्हणतात.

बाबा इतवारीत दुसऱ्याच्या गादीवर बसून कस लावायचे.
काळा दगड, दागिन्याची रेघ,
रेघेवर तेजाबाचा थेंब.
समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत.
आणि दुकान बंद होताना
मेणाने दगड पुसून काढायचे, दोनदा.
म्हणायचे, कालची रेघ राहिली
तर उद्या पितळही खरं वाटेल.

हे मला एकशे त्रेसष्ट नंबरपाशी आठवलं.
यंत्र म्हणालं, आहे.
नळी आठ आठवडे हिरवीच राहिली.
मागून कळलं, दोन वर्षांपूर्वी
पूर्ण औषध घेऊन बरा झालेला माणूस.
मेलेल्या जंतूंची रेघ होती ती,
छातीच्या दगडावर राहून गेलेली.
यंत्राने ती वाचली, इमानदारीने.
नळीने मात्र जिवंत तेवढंच मोजलं.
दोघंही खरं बोलली,
आणि मला एकाच घरात टिंब द्यायचं होतं.

कागदावर चार घरं आखलेली आहेत.
हो-हो. नाही-नाही.
बाकीची दोन घरं रात्री झोपू देत नाहीत.

दोनशे सतरा.
यंत्र म्हणालं, नाही.
सहाव्या आठवड्यात, बुधवारी,
नळीच्या उतारावर तीन ठिपके.
मी शेऱ्याची वही काढली. माझंच अक्षर:
नमुना पातळ, लाळ जास्त.
एवढं लिहून मी पुढचा डबा उचलला होता.

बेरीज झाली. नळीने धरलेले चौऱ्याऐंशी,
त्यातले शहात्तर यंत्राने ओळखले.
साडेनव्वदला जरा कमी.
चांगला आकडा आहे, डॉक्टर म्हणाले.
चांगलाच आहे.
जिथे भिंगाखाली अर्धे निसटायचे
तिथे आता आठच.

मग आठांची नावं उघडली.
दोनशे सतरा म्हणजे कौसल्या हेडाऊ,
गोळीबार चौकामागे, दोन माग, एक बंद.
आणि मला डबा घेताना विचारणारी बाई आठवली:
किती खोकलू व मॅडम, एवढं पुरे का?
मी घड्याळाकडे बघत पुरे म्हणाले होते.

दार तिनेच उघडलं. गळ्याची हाडं वर आलेली.
मी सगळं सांगितलं, यंत्र, नळी, तीन ठिपके.
गोळ्या उद्यापासूनच सुरू करायच्या, म्हणाले.
ती ऐकत राहिली, हातातला धागा तोंडात धरून.
मग म्हणाली,
"मंग त्या दिवशी खोटं कोन बोल्लं,
मशीन का माही थुंकी?"

माझ्याकडे चार घरं होती.
हा प्रश्न त्यातल्या एकातही बसेना.

गोळ्यांआधी एक नमुना पुन्हा हवा होता.
आतून, छातीच्या तळातून, मी म्हणाले,
अन् घाई करू नका, मी थांबते.
पट्टी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं
आणि आकडा घालायच्या जागी
तिचं नाव लिहिलं, पूर्ण.